धक्क्यावरच्या बाकड्याचा वारस

बाकडं फुकट मिळालं. ते मिळवायला लागलं ते असं : एक जुना संगणक, शेजारच्या दुकानातल्या संगणकवाल्याने माझी बडबड थांबावी म्हणून दिलेला, कानावर बसणारे दोन हेडफोन, पैकी एकावर मीच बसलो, चष्म्याचे वाढलेले दोन नंबर, खुर्चीतल्या दोन उश्या, आणि सहा वर्षांतली दुपारची सगळी झोप. झोप सोडली तर सौदा वाईट नव्हता. हे बाकडं लाकडाचं नाही, त्यावर खरोखर बसता येत नाही आणि ते उचलून नेता येत नाही, तरी माझ्या चीजवस्तूंत मी ते सगळ्यात वर धरतो. वकीलबाई म्हणतात, आधी जाहीर करायचं ते करा, मग बाकडं.

तर जाहीर करतो. खाली सही करणार मी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चहा पिऊन, सकाळी अकरा वाजता लिहायला बसलो आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणायला घरात कोणी नाही. एक मुलगी आहे, तिने सात वर्षांत फोन केलेला नाही आणि मीही केलेला नाही. जे तोंडाने सांगता आलं नाही ते तिच्यापर्यंत कागदाने पोचावं, यासाठी मुख्यतः हा खटाटोप. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायचा विचार केला नव्हता.

डॉक्टरांच्या दाखल्यात बुद्धी शाबूत आणि गुडघे नाहीत, असं नमूद आहे. कानांबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, म्हणून मीच लिहितो. पंचेचाळीस वर्षं मी बंद दाराबाहेर उभा राहून आत कुठलं मशीन चालू आहे, त्याला शेवटचं तेल कधी घातलं आणि चालवणारीचं चित्त थाऱ्यावर आहे की नाही, हे सांगत आलो. बिघाड सांगताना एकदा घसरलो, ते कलम सहामध्ये येईल. पण मशीन ओळखण्यात माझा कान कधी फसलेला नाही. कुणीही कुठेही विचारावं.

कलम १. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टाच्या आहेत. सायकलच्या कॅरियरला लाकडी पेटी बांधून गल्लोगल्ली हाका मारत मी हा धंदा उभा केला. वडिलांकडून मला आडनाव आणि सर्दीची सवय एवढंच मिळालं. हे सगळं माझ्या पश्चात मुलीला मिळावं. ठेवायचं की विकायचं हा तिचा प्रश्न. मात्र जिन्याची चौथी पायरी आधी दुरुस्त करावी. ती का मोडली ते कलम पाचमध्ये आहे.

कलम २. बँकेतली ठेव मुलीची. त्यातून मला पोचवण्याचा खर्च व्हावा. भपका नको, भाषणं नकोत. खालच्या दुकानातल्या शिंप्याला बोलायचंच असेल तर त्याला घड्याळ दाखवावं.

कलम ३. हत्यारं वजनावर विकावीत. पेचकसांच्या मुठी झिजून माझ्या तळव्याच्या आकाराच्या झाल्या आहेत, दुसऱ्याच्या हाताला त्या टोचतील. माझ्याकडून शिकेल असं कोणी उरलं नाही. होतं एक माणूस. तेही कलम सहामध्ये.

कलम ४. माझ्या मेहुण्याने, म्हणजे मुलीच्या मामाने, दुकान उघडलं त्या दिवशी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि चारचौघांत विचारलं, ‘दाजी, सुया मोजून पोट भरतं का?’ ते घड्याळ रोज अकरा मिनिटं मागे पडतं. मी ते मुद्दाम कधी दुरुस्त केलं नाही. ते त्याचं त्याला परत द्यावं, सोबत निरोप द्यावा की पोट भरलं.

खालच्या शिंप्याला माझी दुकानातली खुर्ची. तीस वर्षं आम्ही त्याच्या रेडिओवरून भांडलो. मी वर गेलो की तो माझ्या खुर्चीत येऊन बसतो, हे मला कुरकुरीवरून कळतं. (वकीलबाई म्हणतात, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मला सहीला दुसरा माणूस कुठला? म्हणून खुर्ची त्याला आजच देऊन टाकली. आता मी स्टुलावर बसतो आणि तो मला ‘बसा ना आरामात’ म्हणतो.)

कलम ५. आता बाकडं.

मुलीची आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सहा आठवडे जिना बंद झाला. संगणकवाला दुपारी जेवण घेऊन वर यायचा आणि मी त्याला त्याच्या दुकानातले पंखे कोणत्या क्रमाने बंद पडणार ते सांगायचो. आठव्या दिवशी तो जेवणासोबत संगणक घेऊन आला.

‘काका, यात एक अख्खं जग आहे. रस्ते, बाजार, समुद्र, माणसं. तिथे जाऊन बोला.’

‘माणसं खरी?’

‘माणसं खरी. बाकी सगळं चित्र.’

त्या जगाला कंपनीने दिलेलं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. मी त्याला पलीकडे म्हणतो. एकदा दुकानाला ‘पलीकडे गेलो आहे, चारला येईन’ अशी पाटी लावली, तर दोन गिऱ्हाइकं तोंड बारीक करून शिंप्याकडे चौकशीला गेली.

पलीकडे नवा येणारा प्रत्येक जण समुद्रकाठी एका लाकडी धक्क्यावर उतरतो. दोन्ही हात पसरलेले, अंगात करडा सदरा, चेहऱ्यावर काही नाही. मग तो घाबरून दिसेल ती कळ दाबतो आणि सरळ पाण्यात जातो. मीही गेलो. ‘बुडालो, बुडालो’ असं मी या खोलीत ओरडलो आणि शिंपी हातात कात्री घेऊन जिना चढत आला. चौथी पायरी तेव्हा गेली.

पाण्यात कोणी मरत नाही. तळावरून चालत उजवीकडे गेलं की पायऱ्या आहेत. हे मला कळलं होतं आणि रोज निदान पाच-सहा जणांना कळलेलं नसायचं, म्हणून मी धक्क्याच्या टोकाच्या बाकड्यावर बसायला लागलो. दुपारी एक ते चार. सहा वर्षं झाली. मला तिथे सगळे बाकडेकाका म्हणतात. कंपनीच्या नियमाप्रमाणे खातं वारसाला देता येत नाही आणि बाकडं तर सगळ्यांचंच आहे. तेव्हा मी देतो आहे ती मालकी नव्हे, ड्यूटी. जो बसेल त्याने पुढचं लक्षात ठेवावं.

सगळ्यात आधी माइक. नव्या माणसाचा माइक उघडा असतो आणि त्याला ते माहीत नसतं. तो हात पसरून गप्प उभा असतो आणि त्याच्या घरातलं सगळं धक्क्यावर सांडत असतं. गळका नळ, सासूबाईंचा खोकला, ‘बसलात का पुन्हा त्या डबड्यासमोर?’ नमस्कार करायच्याही आधी सांगायचं, दादा, खाली डावीकडे लाल खूण आहे, तिच्यावर टिचकी मारा. ऐकलं ते विसरायचं. अपवाद फक्त जिवाचा. एकदा एका गृहस्थाच्या डोक्यावरचा पंखा मला ऐकू आला. मी म्हणालो, ‘साहेब, खुर्ची बाजूला घ्या. पंख्याचा बोल्ट सुटत आलाय.’

‘कोण तुम्ही? कुठून बघताय?’

‘बघत नाही, ऐकतोय. आधी उठा, मग भांडू.’

आठवड्याने तो फोटो घेऊन परत आला. पंखा खुर्चीत बसला होता.

चेहऱ्यावर वेळ घालवू द्यायचा नाही. नवा माणूस तीन-तीन दिवस आरशापुढून हलत नाही. शेवटी सगळे पंचविशीचे, उंच आणि एकमेकांसारखे होतात. एक बाई दहा दिवस भुवया कोरत होत्या. तेवढ्यात त्यांच्यासोबत उतरलेल्यांची ओळख होऊन, मैत्री होऊन, भांडणही झालं होतं. मी माझं वय ठेवलं, टक्कल ठेवलं. नाक थोडं लहान केलं, ते मान्य.

पहिल्या महिन्यात जमीन घ्यायची नाही. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका बाबूंनी दुसऱ्याच दिवशी टेकडी घेतली, अगदी पडत्या भावात. भाव का पडला होता ते भरती आल्यावर कळलं. आता ते टेकडीवर मासे बघायला जातात आणि खूश असतात, पण सगळ्यांचा स्वभाव तसा नसतो. चमकणारे पंख लावून कोणी पहिल्याच तासाला भेटवस्तू देऊ लागला तर हात मागे घ्यायचा. पासवर्ड नवऱ्याला सांगायचा नाही, आणि पलीकडे झालेल्या नवऱ्याला तर नाहीच.

कुणाचं दार उघडं दिसलं म्हणून आत शिरू नये, बाहेरून ‘येऊ का’ विचारावं. आणि उत्तराची वाट बघत दारातच उभं राहू नये, मागून येणारा अंगातून आरपार जातो आणि दोघांनाही दिवसभर कसंसंच होतं.

बोलता बोलता समोरचा पुतळा झाला तर राग मानू नये. त्याच्या घरी बेल वाजलेली असते, दूध उतू गेलेलं असतं, नाहीतर त्याला रडू आलेलं असतं. त्याच्या शेजारी थांबावं. तो हलला की बोलणं जिथे राहिलं तिथून पुढे न्यावं. कुठे गेला होतास म्हणून विचारू नये.

हरवलेल्यांचं मात्र विशेष बघावं. घराचं चित्र असलेली एक कळ आहे. ती दाबली की कुठल्याही टोकाला असलात तरी एका क्षणात धक्क्यावर येता. पहिल्या दिवसापासून ती डोळ्यांसमोर असते आणि कोणी दाबत नाही, कारण ती कशाची आहे हे विचारायची लाज वाटते. एक माणूस अकरा दिवस वाळवंटात चालत होता. म्हणून न विचारता दाखवावी.

आणि जाताना ‘येतो’ म्हणून जायला शिकवावं. न सांगता दिवा मालवला की मागे राहिलेले त्या रिकाम्या जागेकडे बघत बसतात.

कलम ६. मुलीबद्दल.

लहानपणी ती माझ्या टेबलाखाली बसून बॉबिनींचे बुरूज रचायची. बाराव्या वर्षी चाक फिरवून तेल कुठे हवं ते सांगायची. तिचा कान माझ्यासारखा आहे, असं मी गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत असे. तो माझ्यापेक्षा चांगला निघेल, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

ती सोळाची असताना एक बाई मशीन घेऊन आल्या. मी चाक फिरवलं, ऐकलं आणि म्हणालो, ‘हुक गेलाय.’

टेबलाच्या त्या बाजूने ही म्हणाली, ‘बाबा, हुक नाही. बॉबिन केस हलतेय.’

‘तू गप्प बस. मशीन उघडणं बायकांचं काम नाही.’

बाई हसल्या, मीही हसलो. त्या गेल्यावर मशीन उघडलं. बॉबिन केस होती. मी ती बदलली आणि संध्याकाळी बाईंना सांगितलं की हुक बदललाय. मुलगी शेजारीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं, हातातला पेचकस त्याच्या खाचेत ठेवला आणि वर निघून गेली. दुकानात पुन्हा बसली नाही. आज ती उंच इमारतींच्या लिफ्ट तपासते. मशीन उघडणं हेच तिचं काम आहे.

घर सोडून गेली तरी आई होती तोवर येणं-जाणं राहिलं. आई गेल्यावर तिने आईची पायमशीन मागितली. मी म्हणालो, ‘ने. बिघडली तर मला सांगू नकोस, तुला सगळं कळतं.’ दुःखात माणूस काहीही बोलून जातो, असं लोक समजून घेतात. माझं तसं नव्हतं. ते वाक्य माझ्याकडे बरीच वर्षं तयार होतं.

त्या मशीनला एक खूण आहे. तिच्या चाकाजवळचा एक दात तुटला तेव्हा मी नवा दात कानशीने घासून बसवला. तो केसभर उंच राहिला. तेव्हापासून दर फेरीला एक बारीक टक् येतो. मी पुन्हा घासायला निघालो तर मुलीची आई म्हणाली, ‘राहू दे हो. घरात कोणीतरी आहे असं वाटतं.’

पाच महिन्यांपूर्वी दुपारी दीड वाजता धक्क्यावर एक नवी बाई उतरली. पाण्यात पडली, वर आली, आणि तिसऱ्या दिवसापासून पिवळी छत्री घेऊन यायला लागली, म्हणून मी तिला छत्रीवाली म्हणतो. रोज वीस मिनिटं येते. तोंडाने बोलत नाही, सगळं टाइप करते. पण पहिल्या दिवशी तिचा माइक उघडा होता, आणि तिच्या मागे मला पायमशीन ऐकू आली. चार-पाच फेऱ्या, थांबा. चार-पाच फेऱ्या, थांबा. जाड कापडाचे कोपरे वळवताना असंच थांबावं लागतं. आणि दर फेरीला टक्.

मी बाकड्यावर पुतळा झालो. तिने लिहिलं, ‘काका, आहात का?’

सगळ्यांना पहिल्या मिनिटाला सांगतो ते मी तिला सांगितलं नाही. बाकीच्यांनाही बजावलं, तिचं मी बघतो, तुम्ही मध्ये पडू नका. पाच महिने तिचा माइक उघडा आहे आणि मी रोज वीस मिनिटं ऐकतो आहे. टाइप करता करताही मशीन चालूच राहते, तेव्हा हिने शिलाईला कोणी बाई ठेवली असणार, असं मी ठरवून टाकलं. मी कोण हे तिला माहीत नाही. चालायला, उडायला, कपडे बदलायला, नको त्या माणसाला नाही म्हणायला, सगळं मी तिला शिकवलं, आणि या खेपेला एकदाही ‘गप्प बस’ म्हणालो नाही. एकदा तिने विचारलं, ‘काका, तुम्हाला मुलंबाळं?’

‘एक मुलगी.’

‘भेटते?’

‘रोज,’ मी म्हणालो.

चोरून ऐकण्याचा हा अपराध मी पूर्ण शुद्धीत कबूल करतो. सबब, धक्क्यावरचं बाकडं आणि कलम पाचमधली ड्यूटी मी छत्रीवाली, म्हणजेच माझी मुलगी, हिच्या हवाली करतो. नव्या माणसाशी कसं वागावं हे तिला मी सांगायला नको. पहिल्या दिवशी पाण्यातून बाहेर आली आणि मागे वळून पुढच्या बुडणाऱ्याला पायऱ्या दाखवायला गेली, अशी ती आहे. आणि हे कलम तिच्या हातात पडेल तेव्हा मी नसेन, म्हणून लिहिणं सोपं जातंय : बॉबिन केस होती. तुझं बरोबर होतं.

पुरवणी. इथे मृत्युपत्र संपायचं होतं. वकीलबाईंनी कलम सहा दोनदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘छत्रीवाली म्हणजे तुमची मुलगीच, याला पुरावा काय?’

‘माझा कान.’

‘कान कागदाला जोडता येत नाही. तिला विचारा.’

‘विचारलं तर मग मृत्युपत्राची गरजच काय उरली?’

‘तेच म्हणतेय मी,’ वकीलबाई म्हणाल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मंगळवारी दीडला ती आली, छत्री मिटून बाकड्यावर बसली. मी टाइप केलं नाही, बोललो. बोटांवर भरवसा नव्हता. म्हणालो, ‘मी तुझा बाबा आहे. तुझा माइक पाच महिने उघडा आहे आणि मी तुला सांगितलं नाही.’

ती पुतळा झाली. मी शेजारी थांबलो. नियम माझाच होता.

मग तिचा आवाज आला, पाच महिन्यांत पहिल्यांदा. ती कुजबुजत होती, पण कुजबुजण्यालाही ज्याची त्याची घडण असते. ‘काका,’ ती म्हणाली, ‘माझे वडील शेजारच्या खोलीत आहेत.’

पहिल्या शब्दालाच मला कळलं होतं. हा आवाज मी कधीच ऐकलेला नव्हता.

मी माफी मागितली. माफी मागायची मला सवय नाही, ती फार लांबली. मध्येच ती म्हणाली, ‘थांबा. तुमची मुलगी मग कुठे असते?’

‘बसने चार थांबे.’

‘चार थांबे?’

‘पाचही धरता येतील. एक विनंतीथांबा आहे.’

‘काका, घराच्या चित्राची कळ मला कोणी दाखवली? तुम्हीच ना? मग इथे काय करताय?’ आणि खाली डावीकडची लाल खूण दाबून तिने माइक बंद केला. नंतर लिहिलं, ‘तुमच्यावर किती रागावायचं ते मी नंतर ठरवते. आधी फोन करा. आणि येतो म्हणून जा.’

‘येतो,’ असं म्हणून मी आलो.

मुलीने दुसऱ्या रिंगला फोन उचलला. मागे लिफ्टची मोटर चालू होती. तिचा ब्रेक घासत होता, पण त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

‘बाबा? काय झालं?’

‘काही नाही. बॉबिन केस होती.’

मग ती म्हणाली, ‘एकवीस वर्षं लागली कळायला?’

‘कळलं त्याच दिवशी. सांगायला लागली.’

‘दवाखान्यातून बोलताय का?’

‘दुकानातून. तब्येत ठणठणीत आहे.’

‘मग आईची मशीन बघायला वेळ आहे का तुम्हाला? चार वर्षं माळ्यावर पडलीय. चाकच फिरत नाही.’

चार वर्षं. मी स्टुलावर बसलो. शिंपी माझ्या खुर्चीतून माझ्याकडे बघत होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन रेडिओ बंद केला.

रविवारी ती मशीन घेऊन आली. चौथ्या पायरीशी थांबून म्हणाली, ‘हे काय?’ मी म्हणालो, ‘पाण्यात पडलो होतो.’ मग बसवून सगळं सांगितलं. हा कागदही वाचायला दिला. वाचताना ती दोनदा हसली आणि एकदा खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी काही विचारलं नाही.

‘म्हणजे पाच महिने दुसऱ्याच्या मुलीला बापाची माया लावलीत, आणि मला एक फोन नाही.’

‘हो.’

‘तिच्याशी तरी नीट वागलात?’

‘माइक सोडून.’

दीड वाजला होता. ती म्हणाली, ‘मला ऐकायचाय तो टक्.’ मी छत्रीवालीला लिहिलं, सोबत खरी मुलगी बसली आहे, तुमची हरकत नसेल तर एक मिनिट माइक उघडाल का. छत्रीवालीने लिहिलं, ‘खरंच आली?’ आणि माइक उघडला. हेडफोनची एक बाजू मी धरली, एक मुलीने. आमची डोकी एकमेकांना लागली होती. चार-पाच फेऱ्या, थांबा. टक्.

‘बघ,’ मी म्हणालो, ‘हुबेहूब.’

तिने डोळे मिटून ऐकलं. मग हलकेच म्हणाली, ‘बाबा, सुई कुठे आहे?’

मी पुन्हा ऐकलं. चाक होतं, पाय होता, टक् होता. सुई कापडात उतरल्याचा ठोका नव्हता. पाच महिने नव्हता. या वेळी मी तिला गप्प बस म्हणालो नाही. छत्रीवालीला विचारलं, आणि तिने जे लिहिलं त्याप्रमाणे खाली दुरुस्ती केली आहे.

बाकडं छत्रीवालीकडेच जावं. मुलगी म्हणून नव्हे, माझी कळ मला तिने दाखवली म्हणून. तिने माफ केलंय, शिक्षा म्हणून आठवडाभर नव्या माणसांना माझ्याऐवजी ती माइकचा नियम सांगणार आहे आणि उदाहरणादाखल माझ्याकडे बोट करणार आहे. हत्यारं मुलीला. मी म्हणालो, मुठी टोचतील. ती म्हणाली, कापड गुंडाळीन. आईची मशीन टेबलावर उघडी पडली आहे. बिघाड कशात आहे याबद्दल आमची दोन मतं आहेत, म्हणून सही करून लगेच खाली जायचं आहे.

वरील सर्व मी वाचून, वाचायला देऊन आणि हसून घेऊन कबूल केलं आहे.

ठिकाण : दुकानाच्या वरची पुढची खोली
दिनांक : ९ ऑक्टोबर

लिहून ठेवणार : (सही) शिलाई मशीन दुरुस्तीवाला, उर्फ बाकडेकाका

साक्षीदार १ : (सही) शेजारचा संगणकवाला
साक्षीदार २ : (सही) खालचा शिंपी, स्वतःच्या खुर्चीत बसून

खाडाखोडीची नोंद : कलम तीनमधील ‘वजनावर विकावीत’ हे शब्द खोडून त्या जागी ‘मुलीस द्यावीत’ असं वाचावं. कलम सहामधील ‘म्हणजेच माझी मुलगी’ हे शब्द खोडले आहेत. त्याच कलमात धक्क्यावर ऐकू आलेल्या आवाजाबद्दल जिथे जिथे ‘पायमशीन’ किंवा ‘मशीन’ लिहिलं आहे, तिथे ‘छत्रीवालीच्या वडिलांना लकव्यानंतर पाय हलवण्यासाठी दिलेलं व्यायामाचं पेडल’ असं वाचावं. ते शिलाई मशीन नव्हतं.